माकडाच्या पेशी, डोळ्याचा पडदा आणि भलत्याच मुद्द्यावरचं भांडण

माकडाच्या स्टेम सेल्सपासून, म्हणजे ज्यांच्यातून शरीरातली कुठलीही पेशी घडू शकते अशा मूळ पेशींपासून, प्रयोगशाळेत डोळ्याचा पडदा, म्हणजे रेटिना, बनवला अशी काही बातमी आली की आपल्याकडे लगेच दोन तट पडतात. एक बाजू म्हणते मुक्या जनावराचे हाल करून माणसाला दृष्टी कशाला द्यायची, आणि आता माणसाच्याच पेशींपासून डिशमध्ये सगळं बनतंय तर माकड हवंय कशाला. दुसरी म्हणते विज्ञानाच्या आड येऊ नका, घरातल्या कुणाची नजर गेली की कळेल. दोन्हीकडची माणसं मनापासून बोलतात यात मला शंका नाही, पण दोघं ज्या मुद्द्यावर भांडतायत तो मुद्दाच भलता आहे. माझं मत आधीच सांगून टाकतो. माकडाच्या पेशींपासून पडदा बनवायचं काम चालू राहिलं पाहिजे, सरकारी पैशातून आणि सगळ्यांना दिसेल असं चाललं पाहिजे, कारण एक प्रश्न असा आहे की ज्याचं उत्तर उंदीर देऊ शकत नाही आणि माणसाच्या पेशी डिशमध्ये कितीही वाढवल्या तरी त्याही देऊ शकत नाहीत. आणि तो प्रश्न सोडून बाकी कशासाठीही माकडाला हात लावू नये, हेही तितक्याच जोरात म्हणायला हवं.

आधी हे काम नेमकं काय आहे ते बघू, कारण निम्मं भांडण तिथेच गैरसमजावर चालतं. 1995 साली अमेरिकेतल्या विस्कॉन्सिनमध्ये जेम्स थॉमसन यांनी ऱ्हीसस माकडाच्या अगदी सुरुवातीच्या गर्भापासून स्टेम सेल्सची लाइन, म्हणजे डिशमध्ये पिढ्यानपिढ्या वाढत राहणारी पेशींची वंशावळ, तयार केली, आणि तीन वर्षांनी, 1998 मध्ये, त्यांनीच माणसाच्या केल्या. म्हणजे माणसाच्या ज्या स्टेम सेल्सबद्दल आज एवढं बोललं जातं त्यांची रंगीत तालीम माकडाच्या पेशींवर झालीये. 2002 मध्ये जपानमध्ये योशिकी सासाई यांच्या ग्रुपने माकडाच्या अशाच पेशी उंदराच्या आधारपेशींच्या थरावर वाढवल्या, त्यांना पार्किन्सन्ससाठी लागणाऱ्या डोपामाइनवाल्या मेंदूपेशी करायच्या होत्या आणि त्या झाल्याही, पण त्याच डिशमध्ये काही ठिकाणी काळसर ठिपके आले. मायक्रोस्कोपखाली बघितलं तर सहा कोनांच्या, एकमेकीला घट्ट चिकटून बसलेल्या, तपकिरी रंगाने भरलेल्या पेशींची फरशी. ही फरशी म्हणजे पडद्याचा सगळ्यात मागचा थर, रंगद्रव्याचा थर. उजेड टिपणाऱ्या पेशींना खाऊपिऊ घालणं, त्यांची रोज झडणारी टोकं गिळून साफ करणं हे सगळं हा थर करतो, आणि तो मेला की पुढच्या पेशी मागोमाग मरतात. 2004 मध्ये या माकडपेशी एका खास जातीच्या उंदरांच्या डोळ्यात घातल्या गेल्या, या उंदरांचा मागचा थर जन्मतःच साफसफाई करू शकत नाही आणि ते हळूहळू आंधळे होतात. जिथे माकडाच्या पेशी बसल्या तिथे उंदराच्या उजेड टिपणाऱ्या पेशी वाचल्या.

पुढे 2011 मध्ये सासाईंच्याच प्रयोगशाळेत उंदराच्या सुमारे तीन-तीन हजार स्टेम सेल्स एकेका छोट्या खळग्यात तरंगत ठेवल्या आणि त्यांचा गोळा होऊन, त्याला फुगा येऊन, तो फुगा आपणहून आत दुमडून दोन भिंतींचा पेला तयार झाला. गर्भात डोळा असाच घडतो. कुणी साचा दिला नव्हता, कुणी दुमडला नव्हता. पुढच्याच वर्षी माणसाच्या पेशींतूनही तो झाला, उंदराच्या पेल्यापेक्षा मोठा आणि जाड. एखादा शास्त्रीय पेपर वाचून अंगावर काटा येऊ शकतो हे मला तेव्हा कळलं.

आता लोक विचारतात की एवढा खटाटोप कशाला, नेत्रदान वाढवा की. हा प्रश्न चांगल्या शिकलेल्या माणसांकडूनही येतो म्हणून इथे थोडं थांबतो. नेत्रदानात जे बसवतात ते कॉर्निया, म्हणजे डोळ्यावरची पुढची पारदर्शक काच. ती निघते, दुसऱ्याला बसते, टाके घालता येतात. पडदा तसा बसवता येत नाही. पडद्याच्या पेशींपासून निघालेले दहा लाखांच्या वर तंतू एकत्र येऊन नस बनते आणि ती मेंदूत जाते, त्या एवढ्या तंतूंची जोडणी कुठलाही सर्जन करू शकत नाही. म्हणून कितीही नेत्रदान झालं, आणि ते व्हायलाच पाहिजे, तरी ज्याचा पडदा झिजलाय त्याला त्याचा उपयोग नाही. मग प्रयोगशाळेत बनवलेला पडदा तरी कसा जोडणार? तर तो अख्खा जोडायचाच नाहीये. पेशंटची नस शाबूत असते, मेंदूकडे जाणारा रस्ता शाबूत असतो, मेलेला असतो तो मागचा रंगाचा थर किंवा उजेड टिपणारा थर. तेवढा थर नवा घालायचा, त्याने शेजारच्या पेशीशी जुळवून घेतलं की पुरे. शेजारच्या पेशीपर्यंत पोचणं आणि मेंदूपर्यंत पोचणं यात जमीनअस्मानाचा फरक आहे.

आता विरोधकांचा सगळ्यात वजनदार मुद्दा घेऊ. 2006 मध्ये शिन्या यामानाका यांनी उंदराच्या साध्या त्वचेच्या पेशी परत स्टेम सेलच्या अवस्थेत नेऊन दाखवल्या, 2007 मध्ये माणसाच्या नेल्या, 2012 मध्ये नोबेल मिळालं. म्हणजे गर्भ नको, माकड नको, पेशंटच्या कातडीचा एक तुकडा घ्या आणि त्याचाच पडदा बनवा. आणि हे खरंच झालंय. सप्टेंबर 2014 मध्ये जपानच्या कोबेमध्ये मासायो ताकाहाशी यांच्या टीमने सत्तरी ओलांडलेल्या एका बाईच्या डोळ्यात तिच्याच पेशींपासून बनवलेला रंगाच्या थराचा तुकडा बसवला, 1.3 बाय 3 मिलिमीटरचा. मग आता माकड कशाला, हा प्रश्न इथे अगदी रास्त वाटतो आणि मी तो हलक्यात घेत नाही.

पण पुढे काय झालं ते बघा. दुसऱ्या पेशंटसाठी पेशी तयार झाल्या, तपासणीत त्यांच्या जनुकांत बदल सापडले आणि टीमने ऑपरेशन थांबवलं. शिवाय एका माणसासाठी एक वेगळी लाइन बनवायची, ती तपासायची, वाढवायची, यात कित्येक महिने आणि कोट्यवधी येन जातात. असं लाखो लोकांसाठी कसं करणार? मग उरतो दुसरा रस्ता, मोजक्या दात्यांच्या पेशींची बँक करायची आणि त्यातून दुसऱ्याला द्यायच्या. आणि इथे तो प्रश्न उभा राहतो ज्याबद्दल मी सुरुवातीला बोललो: एका जिवाच्या पेशीपासून बनवलेला पडदा त्याच जातीच्या दुसऱ्या जिवाच्या डोळ्यात घातला तर ते शरीर तो ठेवून घेईल का? माणसाचा पडदा माकडात घालून याचं उत्तर मिळत नाही, कारण जातच वेगळी, शरीर तो परका म्हणून हल्ला करणारच, मग प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं भरपूर द्यावी लागतात आणि खरं काय झालं ते त्या औषधांखाली झाकलं जातं. डिशमध्ये तर प्रतिकारशक्तीच नसते. थेट माणसात घालून बघायचं म्हणाल तर तो प्रयोग पेशंटच्या डोळ्यावर झाला. उरतं एकच, माकडाच्या पेशींपासून बनवलेला पडदा माकडात.

तो प्रयोग झालाय. सुनाओ सुगिता आणि ताकाहाशी यांच्या ग्रुपने 2016 मध्ये दाखवलं की देणारं माकड आणि घेणारं माकड यांच्या पेशींवरच्या ओळखीच्या खुणा जुळत असतील, ज्यांना माणसात एचएलए म्हणतात, तर प्रतिकारशक्ती दाबणारं औषध न देताही तो थर टिकतो. जुळत नसतील तर शरीर तो नाकारतं. या एका निकालावर पाय ठेवून 2017 मध्ये कोबेत पाच पेशंटना जुळणाऱ्या दात्याच्या पेशींपासून बनवलेल्या पेशी दिल्या गेल्या, आयुष्यभराची जड औषधं मागे न लावता. माझा प्रश्न साधा आहे, ही माहिती दुसऱ्या कुठल्या मार्गाने मिळाली असती? ज्यांना माकडाचा वापर पूर्ण बंद हवा आहे त्यांनी याचं उत्तर द्यावं, मी खरंच ऐकायला तयार आहे. कारण त्या प्रयोगाशिवाय पुढे जायचं म्हणजे एकतर आंधळेपणाने माणसात करून बघायचं किंवा म्हाताऱ्या पेशंटांना अशी औषधं द्यायची ज्यांनी न्यूमोनिया नाहीतर कॅन्सर ओढवेल.

दुसरी एक गोष्ट आहे, शरीररचनेची. आपण वाचतो, चेहरा ओळखतो, सुईत दोरा ओवतो ते पडद्याच्या मधोमध असलेल्या मॅक्युलाने, आणि त्याच्याही मध्यभागी एक बारीक खळगा असतो जिथे रंग बघणाऱ्या शंकूपेशी दाटीवाटीने बसलेल्या असतात. सस्तन प्राण्यांत हा खळगा फक्त माणूस, वानर आणि माकडं यांच्या गटात आहे. उंदराला नाही, सशाला नाही, कुत्र्याला नाही. आणि म्हातारपणी झिजतो तो नेमका हाच भाग. माझ्या आत्याचा मॅक्युला झिजलाय. तिच्या फ्रिजवर डॉक्टरांनी दिलेला चौकटींचा कागद चिकटवलेला आहे, रोज सकाळी ती एक डोळा हाताने झाकून त्याच्या मधल्या ठिपक्याकडे बघते आणि रेषा कालच्यापेक्षा जास्त वाकल्यात का ते सांगते. खिडकीचे गज तिला मधेच पोट आल्यासारखे दिसतात. समोरच्या माणसाचा चेहरा बघायला ती मान वळवून कडेने बघते कारण मधोमध डाग आहे. तिला कोरड्या प्रकारचा आजार आहे, त्यात गेलेली नजर परत आणणारं औषध आजही नाही. उंदरावर यशस्वी झालेली गोष्ट या खळग्यात चालेल की नाही हे उंदीर कसं सांगणार?

आता माकडांच्या हालांबद्दल. इथे दुसऱ्या बाजूचे लोक जे बोलतात ते मला अजिबात पटत नाही, की थोडे हाल झाले तर झाले. माकड हे कळपात राहणारं, ओळख ठेवणारं, घाबरणारं जनावर आहे, पिंजऱ्यात एकटं ठेवलं तर स्वतःचे केस उपटतं. आणि या बाबतीत भारताचा इतिहास आपल्याला माहिती असायला हवा, कारण जगाच्या प्रयोगशाळांना ऱ्हीसस माकडं पुरवली ती आपण. 1950 च्या दशकात पोलिओच्या लसीसाठी माकडांच्या मूत्रपिंडाच्या पेशी लागायच्या आणि इथून वर्षाला लाखाच्या वर माकडं पकडून बाहेर पाठवली जात होती. 1955 च्या सुरुवातीला लंडनच्या विमानतळावर शेकडो माकडं कोंडून मेली, भारताने निर्यात थांबवली, मग अटी घालून परत सुरू केली: फक्त वैद्यकीय कामासाठी आणि नीट वागणूक देऊन. पुढे कळलं की अमेरिकेत ही माकडं लष्करी किरणोत्साराच्या प्रयोगात वापरली जातायत, आणि मोरारजी देसाईंच्या सरकारने 1978 पासून निर्यात पूर्ण बंद केली. मला तो निर्णय आजही अभिमानाचा वाटतो.

पण त्या इतिहासाची दुसरी बाजू कुणी सांगत नाही. माकडांच्या ताज्या मूत्रपिंडांवर विसंबून राहणं माणसालाही महागात पडलं. 1960 मध्ये लक्षात आलं की त्या पेशींमध्ये एसव्ही-40 नावाचा माकडांचा विषाणू दडलेला होता आणि कोट्यवधी लोकांना तो लसीबरोबर टोचला गेला होता. त्यामुळे माणसात कॅन्सर होतो असं सिद्ध झालं नाही, पण धडा मिळाला की दर खेपेला नवं माकड मारण्यापेक्षा एकदाच नीट तपासलेली पेशींची लाइन जास्त सुरक्षित असते. 1962 मध्ये जपानच्या चिबा विद्यापीठात एका आफ्रिकन हिरव्या माकडाच्या मूत्रपिंडातून व्हेरो नावाची लाइन काढली गेली. एक माकड. त्याच पेशींची वंशावळ आजही चालू आहे, आणि पुण्याच्या एनआयव्हीने वेगळ्या केलेल्या विषाणूपासून भारत बायोटेकने जी कोव्हॅक्सिन केली ती याच व्हेरो पेशींवर वाढवलेली आहे. आपल्यापैकी कितीजणांच्या दंडात ती गेलीये! आणि हो, त्या लसीची चाचणी आधी 20 ऱ्हीसस माकडांवर झाली होती. पोलिओच्या काळात वर्षाला लाख, कोव्हिडच्या काळात या एका लसीच्या त्या चाचणीला वीस. लस वाढवायला दर खेपेला नवं माकड मारावं लागत नाही ते पेशींच्या लाइन्समुळे. ऱ्हीससच्या स्टेम सेल्सपासून पडदा बनवणं याच रस्त्यावरचं पुढचं पाऊल आहे, म्हणून जे लोक माकडांच्या प्रेमापोटी या कामालाच विरोध करतात ते माकडांचंच नुकसान करतायत असं मला वाटतं. एकदा लाइन तयार झाली की ती गोठवून वर्षानुवर्षं वापरता येते, औषध विषारी आहे का, पेशी कशी मरते, जनुक बदललं तर काय होतं, हे सगळं डिशमध्ये बघता येतं. माकड लागतं ते अगदी शेवटच्या एका पायरीला.

पण ती पायरी आता लागतच नाही असं जे म्हणतात त्यांनी जरा सबुरीने घ्यावं. मार्च 2023 मध्ये आपल्या सरकारने क्लिनिकल ट्रायलच्या नियमांत बदल करून प्राण्यांऐवजी पेशींवरच्या चाचण्या, ऑर्गनॉइड (डिशमध्ये वाढवलेले अवयवांचे छोटे नमुने) वगैरे चालतील असं केलं, आणि ते उत्तमच झालं. पण डिशमधल्या पडद्याला रक्तवाहिन्या नाहीत, प्रतिकारशक्ती नाही, मेंदूकडे जाणारी नस नाही, मॅक्युलाचा तो खळगा नाही. तो दाण्याएवढा गोळा कितीही सुंदर असला तरी त्याला दिसत नाही. त्याच्याकडून जे कळतं ते घ्यावं, जे कळत नाही ते कळल्याचं नाटक करू नये, नाहीतर उद्या एखाद्या पेशंटचा डोळा जाईल आणि लोक सगळ्याच विज्ञानावरून विश्वास उडवून बसतील.

डोळा जाईल हे मी उगाच म्हणत नाहीये. अमेरिकेत फ्लोरिडातल्या एका क्लिनिकने मॅक्युला झिजलेल्या तीन बायकांच्या दोन्ही डोळ्यांत, एकाच दिवशी, त्यांच्याच पोटाच्या चरबीतून काढलेल्या तथाकथित स्टेम सेल्स टोचल्या. प्रत्येकीकडून 5000 डॉलर घेतले. त्या आधी बऱ्यापैकी बघू शकत होत्या, नंतर जवळजवळ आंधळ्या झाल्या. 2017 मध्ये हे न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये छापून आलं, आणि त्याच जर्नलमध्ये, त्याच अंकात, कोबेच्या त्या पहिल्या पेशंटचा रिपोर्ट होता: नजर वाढली नाही, पण होती तेवढी टिकली, आणि पेशी नीट बसून राहिल्या. एका अंकात दोन्ही रस्ते शेजारी शेजारी. एकीकडे उंदीर, मग माकड, मग एक माणूस, मग शंका आली म्हणून थांबणं. दुसरीकडे काहीच न तपासता थेट म्हाताऱ्या बाईचा डोळा. आत्याच्या मोबाइलवरही अशी एक जाहिरात कुणीतरी फॉरवर्ड केली होती, इंजेक्शनने पडदा नवा, हप्त्याची सोय उपलब्ध. आपल्याकडे आयसीएमआरची मार्गदर्शक तत्त्वं स्पष्ट आहेत, पडद्याच्या आजारासाठी स्टेम सेल हा अजून मान्य उपचार नाही, तो फक्त मंजूर ट्रायलमध्ये देता येतो आणि ट्रायलमध्ये पेशंटकडून पैसे घ्यायचे नसतात. जो पैसे मागतो तो ट्रायल करत नाहीये, एवढं तरी घरोघरी पोचायला हवं.

हे सगळं फार हळू चालतं ही तक्रार मात्र मला मान्य आहे. 1995 पासून मोजलं तर तीस वर्षं झाली आणि जगात ज्यांना असा पडदा मिळाला ते लोक अजून मोजकेच आहेत. रेटिनायटिस पिगमेंटोसा, ज्यात आधी रातांधळेपणा येतो आणि मग नजर कडेने आवळत जाते, त्यासाठी उजेड टिपणाऱ्या थराचा तुकडा कोबेत 2020 मध्ये पहिल्यांदा माणसात घातला गेला. ज्याची नजर आज जातेय त्याने अजून किती थांबायचं? याला माझ्याकडे सांत्वनाचं उत्तर नाही. पण घाईने काय होतं ते याच क्षेत्राने बघितलंय. जानेवारी 2014 मध्ये साध्या पेशी नुसत्या ॲसिडात बुडवून स्टेम सेल होतात असा दावा नेचर या विज्ञान-नियतकालिकात आला, जपानमध्ये डोक्यावर घेऊन नाचले, जुलैमध्ये पेपर मागे घ्यावे लागले, आणि त्यात सहलेखक असलेल्या सासाईंनी ऑगस्टमध्ये आत्महत्या केली. डोळ्याचा पेला डिशमध्ये उगवून दाखवणारा माणूस. त्याच्या स्वतःच्या कामात खोट नव्हती, ते जगभरच्या प्रयोगशाळांत पुन्हा पुन्हा करून बघितलं गेलंय आणि म्हणूनच ते टिकलं.

म्हणून मला हवी आहे ती घाई वेगळी आहे. माकडांवरच्या प्रत्येक प्रयोगाचा निकाल, फसलेला असला तरी, ठरावीक मुदतीत जाहीर करायची सक्ती हवी, म्हणजे एका ठिकाणी फसलेलं दुसरीकडे परत करून माकडं वाया जाणार नाहीत. किती माकडं वापरली, त्यांचं पुढे काय झालं, हे आकडे संस्थेच्या पहिल्या पानावर हवेत. आणि आपल्या देशाने पेशींच्या बँकेत पैसा घालायला हवा. जपानमध्ये क्योटोच्या बँकेने सात दात्यांच्या पेशींत साधारण 40 टक्के जपानी लोकांची जुळणी बसवली. आपल्याकडे ते इतक्या कमी दात्यांत होणार नाही, शेकडो वर्षं जातीपोटजातीतच लग्नं होत आल्यामुळे इथे प्रत्येक समाजाच्या खुणा वेगळ्या आहेत, चित्पावन, कुणबी, भिल्ल, तमिळ, नागा सगळ्यांसाठी जपानची यादी चालणार नाही. माकडांच्या त्या प्रयोगाने जुळणी झाली तर पडदा टिकतो हे सांगितलं. आपल्या लोकांची जुळणी कुठल्या दात्यांशी होईल हे शोधायला एकही माकड लागत नाही, रक्ताचे नमुने लागतात, रक्तपेढ्यांची साथ लागते आणि दहा-पंधरा वर्षं न थांबणारा सरकारी निधी लागतो, आणि माकडावरून भांडणाऱ्या दोन्ही बाजूंनी मिळून तो मागायला काहीच हरकत नाही.